धाकट्यांचं कुलूप

“कानस आहे ती, लाटणं नव्हे. जाताना दाब द्यायचा, येताना उचलायची. येताना कसलं घासताय?”

शिकाऊ कामगारांच्या शेडमध्ये एकदम चिडीचूप झालं. एकवीस व्हाइसपुढे एकवीस जण उभे होते आणि त्यातल्या वीस जणांच्या कानशी जागच्या जागी थांबल्या. कारण हे बोलणं ज्याला बसलं होतं तो एकविसावा माणूस एकाहत्तर वर्षांचा होता; आणि ही शेड, शेडच्या पलीकडची फाउंड्री, तिच्या पलीकडची चार मजली कचेरी आणि फाटकावर कोरलेलं आडनाव, सगळं त्याचंच होतं.

“चुकलं,” धाकटे म्हणाले.

“ते दिसतंय मला. पुन्हा करा. आणि बाकीच्यांनी काय तमाशा लावलाय? हात चालू द्या!”

वीस कानशी पुन्हा करकरायला लागल्या. धाकट्यांनी व्हाइसच्या जबड्यातली पितळेची पट्टी नीट बसवली, श्वास घेतला आणि कानस पुढे ढकलली. येताना उचलली. इतक्या साध्या गोष्टीनं त्यांना घाम फुटला होता आणि तरी आतून गुदगुल्या होत होत्या. गेल्या तीस वर्षांत कोणी त्यांच्यावर या शेडच्या मास्तरांसारखं खेकसलं नव्हतं.

एकाहत्तरीच्या माणसाला धाकटे म्हणणं विनोदी होतं, पण ते नाव पडलं तेव्हा ते पाळण्यात होते. घरात दोन भाऊ. थोरला तो थोरले, धाकटा तो धाकटे. आजोबांनी एका खोलीत कुलपं बनवायला सुरुवात केली, वडिलांनी त्या खोलीचा कारखाना केला आणि दोघा भावांनी कारखान्याचं नाव चार देशांत नेलं. थोरले जाऊन नऊ वर्षं झाली तरी फाटकावरच्या रखवालदारापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते धाकटेच राहिले.

आजोबा हट्टी माणूस. त्यांनी घराण्याला एक नियम घालून दिला होता. स्वतःच्या हातानं सहा लिव्हरचं एक कुलूप करायचं, शिकाऊ शेडच्या मास्तरांकडून पास करून घ्यायचं, मगच कचेरीत खुर्ची मिळायची. पास होत नाही तोवर घरी बसून खा, कचेरीची पायरी चढायची नाही. पास झालेली कुलपं कचेरीतल्या काचेच्या कपाटात ओळीनं टांगलेली होती: आजोबांचं, वडिलांचं, थोरल्यांचं, धाकट्यांचं आणि शेवटी धाकट्यांच्या लेकीचं. प्रत्येकाखाली नाव आणि तारीख कोरलेली पितळी पट्टी.

दरवर्षी नव्या शिकाऊ मुलामुलींना धाकटे स्वतः त्या कपाटापुढे घेऊन जात आणि एकेका कुलपाची गोष्ट रंगवून सांगत. आजोबांच्या कुलपावर दहा मिनिटं, वडिलांच्या कुलपावर पाच. चौथ्या कुलपाशी आले की म्हणत, “आणि हे माझं. चला पुढे.” लोकांना वाटे, काय विनय आहे!

विनय कसला! ते कुलूप धाकट्यांनी केलंच नव्हतं.

विसाव्या वर्षी धाकटे दोनदा नापास झाले होते. पुस्तकात डोकं घालून बसणारा मुलगा, हाताला वळण नव्हतं. तिसऱ्यांदा बसायच्या आदल्या दिवशी थोरले त्यांच्या खोलीत आले, खिशातून एक कुलूप काढून पलंगावर टाकलं आणि म्हणाले, “घे. आणि तोंड बंद ठेव.” धाकट्यांनी ते घेतलं, तोंड बंद ठेवलं आणि पास झाले. तेव्हाच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. त्या थापेची जागा एक्कावन्न वर्षं दुखत होती.

पुढे त्यांनी काय केलं नाही? स्वस्त कुलपांचा लोंढा आला आणि शेजारचे दोन कारखाने बंद पडले, तेव्हा याच बिनकामाच्या हातांच्या माणसानं गावोगाव फिरून शाळा, दवाखाने, गोदामं यांच्या ऑर्डरी आणल्या आणि एकाही माणसाला घरी बसवलं नाही. कामगारांसाठी घरं बांधली. पण कोणी तोंडभर कौतुक केलं की त्यांना काचेच्या कपाटातला चौथा खिळा आठवे.

आता तीन महिन्यांनी लेक त्यांच्या खुर्चीत बसणार होती. तिनं आपलं कुलूप चौथ्या खेपेला, रडून, बोटं सोलून, खरंखुरं पास केलं होतं. तिच्या हातात कारभार द्यायचा ठराव झाला, सह्या झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला धाकटे शिकाऊ शेडच्या दारात उभे राहिले.

शेडच्या मास्तर बाई होत्या. पण त्यांना कोणी मास्तरीण म्हटलेलं खपत नसे. “मास्तरीण म्हणजे मास्तराची बायको. माझा नवरा दाताचा डॉक्टर आहे,” असं त्या सांगत.

“एक कुलूप करायचंय,” धाकटे म्हणाले होते.

“तुमचं झालंय की. कचेरीत टांगलंय.”

“ते राहू द्या. मला पुन्हा करायचंय. पहिल्यापासून.”

मास्तरांनी हातातली कानस खाली ठेवली. “शेडमध्ये मी कुणाला साहेब म्हणत नाही.”

“सगळे धाकटे म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा.”

“आणि पास करायचं की नाही ते मी ठरवणार. मालक बिलक काही बघणार नाही.”

“म्हणून तर आलो.”

“मग तो कोट काढा. शेवटचा व्हाइस तुमचा. आठ म्हणजे आठ, सव्वाआठ नाही.”

पहिलं कुलूप व्हायला पाच आठवडे गेले. रोज सकाळी दोन तास शेडमध्ये, मग हात धुऊन कचेरीत. नखांतला काळेपणा जाईना. परदेशातून आलेल्या एका पाहुण्यानं हस्तांदोलन करून हळूच रुमाल काढला, तेव्हा धाकट्यांना कोण आनंद झाला!

तपासणी साऱ्या शेडसमोर व्हायची. मास्तरांकडे एक पाटी होती, तिच्यावर शंभर किल्ल्या टांगलेल्या. स्वतःच्या किल्लीनं कुलूप दोन बोटांच्या जोरावर उघडलं पाहिजे आणि शंभरातल्या एकाही किल्लीनं उघडता कामा नये. धाकट्यांचं कुलूप सातव्या किल्लीला उघडलं. मग एकोणिसाव्या. मग सदतिसाव्या. पन्नाशीला पोचेपर्यंत पाच किल्ल्या लागल्या.

“हे कुलूप नाही, खानावळ आहे,” मास्तर म्हणाल्या. “येईल त्याला आत घेतंय.”

शेड खो खो हसली आणि हसता हसता मधेच दचकून थांबली. पण धाकटेच इतके हसत होते की डोळे पुसायला त्यांनी तेलकट फडकं घेतलं आणि कपाळभर काळं फासून घेतलं. मग कोणीच थांबलं नाही.

दुसरं कुलूप त्यांनी इतकं घट्ट केलं की शंभर किल्ल्यांपुढे ते दगडासारखं बसून राहिलं. धाकट्यांची मान ताठ झाली. मग मास्तरांनी त्यांचीच किल्ली घातली. फिरेना. दोन बोटांनी नाही, पाच बोटांनी नाही, शेवटी पक्कड लावली तेव्हा किल्लीचा एक दात तुटून आत राहिला.

“आता हे जास्तच शिकलं,” मास्तर म्हणाल्या. “घरच्या माणसालाही ओळखत नाही.”

त्या दिवशी मात्र धाकटे हसले नाहीत. विसाव्या वर्षी दोनदा, एकाहत्तराव्या वर्षी दोनदा. हिशेब तोच आला होता. आणि लेकीच्या खुर्चीला तीनच आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. घरात आता तिघंच राहत: धाकटे, त्यांची लेक आणि थोरल्यांच्या मागे राहिलेल्या वहिनी. धाकट्यांची बायको लेकीच्या लहानपणीच गेली, थोरल्यांना मूल झालं नाही. त्यामुळे त्या पोरीला वाढवताना दोन बाप आणि एक आई होती. रविवारी सकाळी मागच्या व्हरांड्यात चहा घेत दीर-भावजयीनं तासभर भांडायचं, हा घरचा शिरस्ता होता. पण आज धाकटे भांडेनात. वहिनींनी दोनदा खडा टाकून पाहिला, तर ते नुसती साखर ढवळत राहिले.

“भावजी, हात बघू.”

“काही नाही झालेलं.”

“हात इकडे करा म्हटलं ना.”

धाकट्यांनी हात पुढे केला. तीन बोटांना पट्ट्या, अंगठ्याला फोड. वहिनी शहात्तर वर्षांच्या होत्या, पण नजर चाकूसारखी. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “थोरल्यांचे हात असे असायचे. तुम्ही शेडमध्ये जाताय ते मला ड्रायव्हरनं सांगितलंय. का जाताय ते सांगा.”

आणि एक्कावन्न वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते धाकट्यांनी सांगून टाकलं. सांगताना ते कपबशीकडे बघत होते.

वहिनींनी चहाचा घोट घेतला. “झालं सांगून?”

“हो.”

“मला ठाऊक होतं.”

“काय?”

“लग्नानंतर दोन महिन्यांतच सांगितलं होतं त्यांनी. कुलूप करायला काही वाटलं नाही म्हणाले, दीड दिवसाचं काम. पण ‘त्यानंतर धाकट्या माझ्याकडे सरळ बघेनासा झाला, ते मात्र लागलं,’ असं म्हणाले. एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.”

धाकट्यांनी बोलायला तोंड उघडलं. पण वहिनींनी सवड दिली नाही.

“आणि आता माझं ऐका. आमचं लग्न ठरलं आणि व्हायला सहा महिने गेले. तेवढ्यात मला त्यांची नऊ पत्रं आली. नदीवर दोन पानं, चांदण्यावर चार. माझ्या मैत्रिणी वाचून वेड्या झाल्या होत्या. ती कोणी लिहिली होती, भावजी?”

धाकट्यांनी कप खाली ठेवला.

“अक्षर दादाचंच होतं,” ते पुटपुटले.

“अक्षर त्यांचं! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी लाडात येऊन म्हटलं, ती नदीवरची ओळ पुन्हा म्हणा ना. तर म्हणाले, कुठली नदी? ‘बरं आहे’ आणि ‘बघू’ याच्यापुढे ज्याची गाडी जात नाही तो माणूस चांदण्यावर चार पानं लिहील होय? मी तेव्हाच ओळखलं. दोन दिवस रुसले. मग तेच एकदम म्हणाले, मला लिहिता येत नाही, त्याला कानस धरता येत नाही, आम्ही दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो. मला इतकं हसू आलं की रुसवा तिथंच संपला.”

“दादा असं म्हणाला?”

“त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य ते.” वहिनी हसल्या. “तुम्ही त्यांची भाषणं लिहिलीत, पत्रं लिहिलीत, बायकोसुद्धा मिळवून दिलीत. आणि एका कुलपापायी तोंड लपवत फिरलात. फिटंफाट झाली होती, भावजी, तेव्हाच. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, एवढंच.”

धाकटे हसायला लागले. हसता हसता रडले, आणि चष्मा काढून पुन्हा हसले. लेक आतून धावत आली. “काय झालं? बाबा? काकू, काय केलंस तू यांना?”

“काही नाही,” वहिनी म्हणाल्या. “तुझ्या बाबांना चहा दे दुसरा. हा गार झाला.”

सोमवारी धाकटे पावणेआठलाच शेडमध्ये आले. “आता कुलूप कशाला करताय?” असं वहिनींनी निघताना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, “आधी जुनं देणं फेडायला करत होतो. आता करावंसं वाटतंय म्हणून करतो.” आणि गंमत अशी की हातही तसाच चालू लागला. घाई गेली. कानस जाताना दाबली जाई, येताना आपोआप उचलली जाई. मास्तर मागून दोनदा येऊन गेल्या आणि काही न बोलता गेल्या. शेडमध्ये याच्याहून मोठी शाबासकी नव्हती.

तिसरं कुलूप अठराव्या दिवशी तयार झालं. तपासणीला सगळी शेड गोळा झाली. फाउंड्रीतलेही काहीजण काहीतरी निमित्त काढून दारात उभे राहिले. मास्तर एकेक किल्ली घालत गेल्या. दहा. वीस. पन्नास. चौसष्टावी किल्ली अर्धी फिरली आणि शेडमधला श्वास थांबला. मास्तरांनी जोर दिला. अडली. आणखी जोर दिला. अडलेलीच राहिली. त्यांनी ती काढून पाटीवर टांगली आणि पासष्टावी घेतली.

शंभर झाल्या. मग धाकट्यांची किल्ली. मास्तरांनी ती दोन बोटांत धरली, आत सरकवली आणि फिरवली. टक् असा बारीक, गोड आवाज झाला आणि कडी वर आली. दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं, दहाही वेळा तोच आवाज. मास्तरांनी खणातून शिक्का काढला, कुलपाच्या पाठीवर ठेवला आणि हातोडीचा एकच टोला दिला.

“पास.”

धाकट्यांनी तेव्हा उडी मारली, असं शेडमधले वीसच्या वीस जण सांगतात. धाकट्यांचं म्हणणं, पाय घसरला. ते काही असो, पुढची पाच मिनिटं तिथं इतका कल्ला झाला की कचेरीतून फोन आला. त्या गोंधळात धाकटे कुलूप हातात धरून डावीकडे वळले, थोरल्यांना दाखवायला वळावं तसे. तिकडे भिंत होती. क्षणभर ते भिंतीकडेच बघत राहिले, मग पुन्हा लोकांत आले.

शेड रिकामी झाल्यावर ते मास्तरांना म्हणाले, “तुम्हाला एक सांगायचंय. कचेरीतलं ते कुलूप…”

“तुमचं नाही. माहितीये.”

“तुम्हालाही?”

“अठरा वर्षांपूर्वी ती कुलपं साफ करायला माझ्याकडे आली होती, तेव्हा उघडून बघितली. थोरल्यांच्या आणि तुमच्या कुलपात कानशीचे ओरखडे एकाच बाजूला कललेत. दोन्ही डावखुऱ्या हाताची कामं. तुम्ही तर सह्या उजव्या हातानं करता.”

“मग बोलला नाहीत कधी?”

“मला कोणी विचारलं नव्हतं,” मास्तर म्हणाल्या आणि हत्यारं पुसायला लागल्या.

कारभार सोपवायचा कार्यक्रम कँटीनच्या मोठ्या हॉलमध्ये झाला. सगळे कामगार, सगळी कचेरी, पहिल्या रांगेत वहिनी. धाकट्यांच्या हातात आठ पानांचं भाषण होतं. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग सगळी पानं घडी करून खिशात घातली आणि साध्या शब्दांत खरं काय ते सांगितलं. थोरल्यांनी काय दिलं, आपण काय घेतलं, आणि गेल्या तीन महिन्यांत शेडमध्ये कितीदा नापास झालो.

लेक शेजारी उभी होती. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

“म्हणजे बाबा,” ती माइकवरच म्हणाली, “एक्कावन्न वर्षं तुम्ही बिनपरवाना गाडी चालवत होता?”

“परवाना आहे,” मागून मास्तर ओरडल्या. “मी दिलाय. तारखेला जरा उशीर झालाय, एवढंच.”

हॉल फुटला. पहिल्या रांगेत वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. लेकीनं बाबांना मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, “मी चौथ्या वेळी पास झाले तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त का रडलात ते आज कळलं.”

मग तिनं नव्या खुर्चीतला पहिला हुकूम सोडला. थोरल्यांच्या पट्टीच्या वर दोन कुलपं टांगायची. धाकट्यांचं नवं कुलूप खऱ्या तारखेसकट सगळ्यात शेवटी, तिच्यानंतर. “आता मी तुम्हाला सीनियर,” ती म्हणाली. “ऐकायचं माझं.”

“ऐकतो बाई,” धाकटे म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांना काही काम नव्हतं, आणि घरी बसायची सवय नव्हती. आठ वाजता ते शेडमध्ये जाऊन उभे राहिले. मास्तरांनी वर न बघता सांगितलं, “तुमची कडांची गोलाई अजून कच्ची आहे. शेवटचा व्हाइस रिकामा आहे,” आणि ते कोट काढून कामाला लागले.

दुपारी जेवणाची घंटा झाली. कँटीनच्या बाहेर नळांची लांब रांग होती, तिथं सगळे हात धुवायला गर्दी करत. एरवी धाकट्यांचं जेवण वर कचेरीत यायचं. या नळांशी ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी पाण्याखाली हात धरले. काळं जाईना.

“सरका जरा, काका.” शेजारी मध्यम वयाची एक बाई बाह्या वर करून उभी राहिली. पॅकिंग खात्याचा नवा कोरा एप्रन, अजून घडीच्या खुणा असलेला. तिनं त्यांच्या हातांकडे बघितलं. “नुसत्या पाण्यानं काय होतंय? नवीन का तुम्ही?”

“हो,” धाकटे म्हणाले. “नवीनच.”

“मीपण. आज पहिलाच दिवस. कुठल्या खात्यात?”

“कानशीवर.”

“अगं बाई, या वयात! जमतंय का?”

“शिकतोय.”

तिनं खिशातून कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा काढला, बोटांनी मोडून अर्धा केला आणि त्यातला मोठा भाग त्यांच्या ओल्या तळहातावर ठेवला.

“आधी कोरडाच चोळा,” ती म्हणाली. “मग पाणी.”

धाकट्यांनी नळ बंद केला आणि तिनं सांगितलं तसा साबण कोरडाच चोळायला घेतला. मागून कोणीतरी “आटपा की” म्हणून ओरडलं, तसे ते थोडे आणखी सरकले आणि रांगेतल्या मागच्या माणसाला जागा करून दिली.